बुरोंडीची प्रोषितभर्तृका

लघुचित्रे काढायला मी वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी शिकू लागले. त्यापूर्वी बत्तीस वर्षे महाविद्यालयात संस्कृत अलंकारशास्त्र शिकवले. शास्त्राने सांगितलेल्या आठही नायिका मला मुखोद्गत होत्या. प्रियकराची वाट पाहणारी, त्याच्यावर रुसलेली, पावसापाण्याची पर्वा न करता त्याला भेटायला निघालेली, या सर्वांची लक्षणे मी झोपेतही सांगू शकले असते. मात्र यांपैकी एकीच्या पायाचा अंगठा अंगठ्यासारखा दिसावा यासाठी मला एक अख्खा पावसाळा लागला.

आमचे गुरुजी मूळचे राजस्थानातले. पुण्यात दोन खोल्यांत ते राधाकृष्णांची चित्रे काढतात आणि आमच्यासारख्या निवृत्तांना सहन करतात. त्यांचा नियम एकच : डोळे सर्वांत शेवटी. वस्त्रे, दागिने, कदंबाची पाने, मोराचा पिसारा, सगळे झाल्यावर मग डोळे उघडायचे आणि तेही हात स्थिर झाल्यावरच, कारण त्या जागी चुकले तर मागे फिरता येत नाही. माझा हात तीन वर्षांत स्थिर झाला नाही. परिणामी माझ्या घरात अकरा आंधळ्या नायिका आहेत. एक डोळ्यांविना पायातला काटा शोधते आहे, तर दुसरी डोळ्यांविनाच चंद्राकडे पाहते आहे.

अशा व्यक्तीने बुरोंडीचा समुद्र पाहायला जाताना रंग बरोबर नेऊ नयेत. मी नेले.

पोफळी

कुंभार्ली घाट उतरून एसटी पोफळीला थांबली, तेव्हा वीजगृहाच्या वसाहतीतले एक गृहस्थ माझ्या शेजारी येऊन बसले. माझ्या मांडीवर कुंचल्यांची लांब नळी होती. कुठे चाललात, हे विचारून झाल्यावर त्यांनी नळीकडे पाहिले.

"बुरोंडीला म्हणजे गळ टाकायलाच की काय?"

मी 'नाही' म्हणण्याची तयारी करत होते. माझी तयारी होईपर्यंत ते पुढे गेले होते.

"मग कोळंबी लावा ओ. ते पुण्यामुंबईचे येतात नि चपातीचे गोळे लावून बसतात. मासा काय येडा आहे?"

पुढे चिपळूणपर्यंत मला भरतीची वेळ, गळाचे आकार आणि पुणेकरांची मासेमारीतील अपात्रता यांविषयी सविस्तर माहिती मिळाली. मी मान हलवत राहिले. आपल्याविषयी कोणी गैरसमज करून घेतला, तर तो दूर करणे मला उद्धटपणाचे वाटते. उत्तरपत्रिका तेवढ्या या नियमाला अपवाद होत्या.

सावर्डे

सावर्ड्याला माझी जुनी विद्यार्थिनी उज्ज्वला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. 'मॅडम, मुलींशी सहज गप्पा मारा' या तिच्या निमंत्रणावरून मी आले होते. सहज गप्पांच्या जागी व्यासपीठ होते, शाल होती, नारळ होता आणि फळ्यावर रंगीत खडूने 'सुप्रसिद्ध लघुचित्रकर्ती' असे लिहिलेले होते.

"अगं, मी अजून शिकते आहे," मी तिच्या कानाशी म्हटले.

"बघा!" ती सभागृहाकडे वळून म्हणाली. "एवढ्या मोठ्या, पण विनय किती!"

आपल्याकडे सत्य अडचणीचे झाले की त्याला विनय म्हणण्याची सोय आहे. मी शाल घेतली.

व्याख्यान मात्र मला येते. प्रोषितभर्तृका, म्हणजे जिचा पती दूरदेशी गेला आहे अशी नायिका, हिच्याविषयी मी रंगून बोलले. केसांना तेल नाही, मनगटावरून बांगड्या निसटताहेत, दार उघडे टाकून ती उंबऱ्याशी बसली आहे. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला.

"मॅडम, पण आमच्याकडे सगळ्यांचेच बाबा मुंबईला नाहीतर आखातात असतात. मग आमच्या सगळ्यांच्या आया नायिका काय?"

सभागृह हसले. शास्त्रात इतक्या मोठ्या संख्येची तरतूद नसावी, असे काहीसे मी पुटपुटले. बत्तीस वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता. पण मग मी स्वतः कोणाची वाट पाहिलेली आहे? विद्यापीठाच्या निकालांची सोडून कोणाचीच नाही.

शेवटी मुलींनी माझे चित्र पाहण्याचा आग्रह धरला. मी मोबाइलवरचे एक दाखवले.

"हिला डोळे का नाहीत?"

"ती एक शैली आहे," मी म्हटले.

या एका वाक्याची फळे मला पुढचे तीन दिवस खावी लागली. कार्यक्रम संपताच उज्ज्वलाने उत्साहाने सांगितले की तिची एक विद्यार्थिनी, शबाना, चार महिन्यांपूर्वी बुरोंडीला लग्न होऊन गेली आहे. तिच्या सासरी एक फार जुने लघुचित्र आहे. त्यातल्या बाईचा चेहरा गेला आहे. "तुम्ही येताय म्हणून मी आत्ताच कळवून टाकलंय मॅडम. तुमच्यासाठी काय, दोन तासांचं काम!"

बुरोंडी, पहिला दिवस

दाभोळची खाडी फेरीबोटीने ओलांडून उज्ज्वला आणि मी दुपारी पोहोचलो. पाऊस सरला होता, भात पिवळे पडू लागले होते आणि कातळावर गवत अजून हिरवे होते. हवा मात्र अशी दमट की पर्समधल्या बिस्किटांनी पापडाचा बाणा सोडून पोळीचा धरला होता.

घर किनाऱ्याकडे उतरणाऱ्या गल्लीत होते. जांभ्याच्या भिंती, पुढे ओटा. शबानाच्या सासूबाई फातिमाबी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या घरातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या गलबतांवर होती. नवरा जहाजावर खलाशी होता, तो आता हयात नाही. मुलगा इम्रान आखातात वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करतो. लग्नासाठी आलेला, दोनदा रजा वाढवून राहिलेला, आणि आता परवा दुपारी निघणार होता.

पुण्यात पाहुण्याला 'काही घेणार का?' असे विचारून त्याच्या नकाराला संधी दिली जाते. इथे विचारले नाही. माझ्यासाठी नवे पातेले आणून त्यात कुळथाचे पिठले केलेले होते, कारण 'बामणबाई आहे, तिला चालेल ते करा' असे उज्ज्वलाने परस्पर कळवले होते. समोर सगळ्यांच्या ताटात तळलेली सुरमई. मला सुरमई अतिशय आवडते. ते सांगायला एक वाक्य पुरले असते. मी पिठल्याची मनापासून स्तुती केली, त्यामुळे ते मला तिन्ही दिवस मिळाले.

जेवणानंतर फातिमाबींनी पेटीतून रेशमी रुमालात बांधलेले चित्र काढून आमच्यासमोर ठेवले आणि त्या पुन्हा तांदूळ निवडायला बसल्या. तळहाताहून जरासे मोठे, हातकागदावर काढलेले. पांढऱ्या महालाचे दार उघडे, गच्चीवर मोर, आकाशात ढगांची सोनेरी कड आणि उंबऱ्यापाशी लोडाला टेकून बसलेली एक बाई. पायांच्या नखांवरची लाली जागेवर होती. ओढणीतून दिसणारी वेणीही होती. चेहरा तेवढा नव्हता. तिथे कागदाचा उघडा, पिवळट, मऊ डाग उरला होता.

मी उज्ज्वलाकडे झुकून, मला वाटले अगदी हळू, म्हटले, "धार्मिक कारणाने मुख पुसून टाकलं असावं. असं अनेक ठिकाणी आढळतं."

"कोनी पुसलान नाय गो बाय," फातिमाबी तांदळातून मान वर न करता म्हणाल्या. "झिजला ता."

मी कुळथाच्या पिठल्यावर पुन्हा एकदा बोलण्याचा विचार करत होते, तेवढ्यात त्यांनी सूप बाजूला ठेवले.

"माझ्या सासूच्या आजेसासूचा घोव नाखवा होता. गुजरातच्या बंदरातून त्यानंच आनलान. तो निघाला की ती हिच्या तोंडावर बोट ठेवायची. ही बसल्ये तशी मी पन बसेन, तू ये. मग तिची सून. मग माझी सासू. माझा घोव पयल्यांदा दर्यावर गेला तवा सासूनं पेटी उघडलीन नि बोलली, लाव बोट. किती वेळा लावला असेल मी! नमाजाच्या खोलीत नाय ठेवत तिला. पेटीत असते. कुठं काय ठेवायचा ता आमाला कळता."

शेवटचे वाक्य माझ्यासाठी होते, आणि ते योग्य पत्त्यावर पोहोचले. मी आयुष्यभर शृंगाररस शिकवला. विरहात बाईचा हात कुठे जातो, हे मात्र मला कळले नाही. चेहरा गेलेला दिसताच मला पहिल्यांदा सुचला तो द्वेष. विद्वत्तेचे असे फायदे असतात.

खरी अडचण त्यानंतर कळली. चार पिढ्यांच्या बोटांनी तो कागद इतका पातळ केला होता की उजेडात धरल्यावर पलीकडची खिडकी दिसे. गेल्या वर्षी वाळवीची पाहणी करताना फातिमाबींच्या ते लक्षात आले आणि त्यांनी हात लावायला बंदी घातली. आता इम्रान परवा निघणार होता आणि त्या घरात आलेल्या सुनांपैकी शबाना ही बोट न लावता नवऱ्याला निरोप देणारी पहिली सून ठरणार होती.

"अम्मींना वाटतं मी हट्ट करत्ये," शबाना हळूच म्हणाली. "मी एम.ए. आहे मॅडम. मला माहित्ये, बोट लावून कोणाचं विमान सुखरूप उतरत नाही. पण सगळ्यांनी लावलंय. मी नाही लावलं आणि काही झालं, तर?"

हे 'तर' कोणत्याही शास्त्रग्रंथात नाही.

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी चित्रकार नाही, असे या क्षणी स्पष्ट सांगायला हवे होते. मी सांगितले ते असे : या जुन्या चित्राला कोणीही रंग लावता कामा नये, मीही नाही. त्यांना ते ज्ञान वाटले. वस्तुतः ती भीती होती. आणि मग त्या भीतीला भारदस्त शेवट हवा म्हणून मी पुढे बोलून गेले, "मी परवापर्यंत दुसरं काढून देते. हुबेहूब."

उज्ज्वलाने टाळी वाजवली आणि कॉलेजच्या परीक्षा असल्यामुळे ती संध्याकाळच्या गाडीने सावर्ड्याला निघून गेली.

बुरोंडी, दुसरा दिवस

सकाळी ओट्यावर मी माझे दुकान मांडले. शिंपल्यांत तांबडा हिंगुळ, पिवडी, सफेदा, काळा असे रंग कालवले, बाभळीचा डिंक भिजवला. तासाभरात गल्लीतल्या सगळ्या बायका काही ना काही निमित्ताने येऊन गेल्या. पुण्यात माझ्या खांद्यावरून कोणी पाहिले तरी माझा कुंचला थांबतो. इथे थांबायची सोयच नव्हती. थांबले की लगेच कोणीतरी विचारी, "काय, दमलाव?"

"हा कोंबडा छान काढलाव," शेजारीण म्हणाली.

"मोर आहे तो."

"होय काय? असेल, असेल."

दुपारी इम्रान आला. त्याची बॅग चार दिवसांपासून भरली जात होती आणि तिचे वजन दर तासाला होत होते. सोललेले काजू, सुके बोंबील, कोकम, हे सर्व घालायचे आणि शर्ट काढायचे, अशी पद्धत होती. त्याने चित्र डावी-उजवीकडून पाहिले.

"मॅडम, हिचा नवरा कुठाय?"

"या चित्रात नायक नसतो. ती त्याची वाट पाहते आहे. तो नसणे हेच तिचे लक्षण."

"म्हंजे आमच्यासारखाच. घराला रंग दिसतो, टाइल्स दिसतात, मानूस दिसत नाय."

"लग्नाआधी दिसायचास की दर शुक्रवारी," शबाना आतून म्हणाली. "मोबाइलात. अर्धा चेहरा आणि वर पंखा."

तो हसला आणि ओट्याच्या कडेला बसला. व्हिडिओ कॉलवर भेटणारी नायिका कोणत्या वर्गात मोडते, याचा मी विचार करू लागले. नंतर लक्षात आले की तो माझ्याकडे किंवा चित्राकडे पाहत नव्हता. तो घरात, चुलीच्या दिशेने पाहत होता. मी मान खाली घालून वेणीचे केस मोजू लागले.

दमट हवेत रंग वाळेनात. पुण्यात दहा मिनिटांत कोरडा होणारा थर इथे तासभर चिकट राही. रंग घट्ट बसावा म्हणून अकीकाच्या दगडी घोटणीने चित्र पालथे घालून मागून घोटताना महालाचा एक खांब माझ्या फळीवर उमटला आणि महालाला तीन खांब उरले. तरी संध्याकाळपर्यंत दार झाले, लोड झाला, मोर बहुमताने कोंबडा झाला आणि बाई बसली. फातिमाबी येऊन उभ्या राहिल्या.

"डोळे?"

"उद्या," मी म्हटले. हा शब्द मी गुरुजींना तीन वर्षे सांगत आले आहे.

"उद्या तो जाईल," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

बुरोंडी, तिसरा दिवस

सकाळी उठून पाहते तो काळ्या रंगाच्या शिंपल्यावर पांढरी बुरशी. बाकी सर्व रंग शाबूत होते. नेमका डोळ्यांचा रंग गेला होता. माझ्या मनात प्रथम काय आले, ते प्रामाणिकपणे सांगते : सुटले.

माझी ही सुटका फार तर दोन मिनिटे टिकली. शबानाने विचारले, काळा रंग कशाचा असतो? दिव्याच्या काजळीचा, मी म्हटले. ती आत गेली आणि चांदीची लहान डबी घेऊन आली. "हे घ्या. अम्मी घरीच धरतात. दिव्यावरचंच आहे."

काजळीपासूनच काजळ होते. तर्क निर्दोष होता. न्यायशास्त्रात मला पहिला वर्ग होता. खारीच्या केसांचा, एका केसाच्या टोकाचा कुंचला मी त्या डबीत टेकवला, श्वास सोडून दिला आणि गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे वरच्या पापणीपासून सुरुवात केली.

भुवई. पापणी. माशासारखा लांबट, कानाकडे ओढलेला डोळा. त्यात उंबऱ्यापलीकडे वळलेले बुबुळ.

हात थरथरला नाही. का, ते मला ठाऊक नाही. कदाचित पुण्यात तो माझ्यासाठी थरथरत असावा आणि इथे त्याला माझ्याकडे लक्ष द्यायला वेळ नव्हता. मी कुंचला उचलला तेव्हा ती बाई पाहत होती. जरा तिरकी पाहत होती, हे खरे. शेजारीण म्हणाली, "अय्या, ही तर आमच्या मुमताजसारखी!" आणि सर्वांनी ते लगेच मान्य केले. पण ती पाहत होती. मी तिच्याकडे पाहिले आणि माझा चष्मा पुसावा लागला. दमट हवेचा आणखी एक दोष.

दुपारची नमाज झाली. मुंबईला जाणारी सुमो गल्लीच्या तोंडाशी येऊन भोंगा वाजवू लागली. पुण्यात आपण पाहुण्याला फाटक नीट लावून जायला सांगतो आणि निरोप संपतो. इथे अख्खी गल्ली ओट्यांवर आली होती. इम्रानने आईच्या हातावर डोके टेकले. मग तो शबानासमोर उभा राहिला आणि दोघेही दुसरीकडे पाहू लागले.

फातिमाबींनी माझे चित्र दोन्ही हातांत धरले होते. "लाव," त्या म्हणाल्या.

शबानाने उजव्या हाताचे बोट त्या चेहऱ्यावर ठेवले. तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते तिलाच ऐकू गेले असेल. बोट तिने लगेच उचलले नाही. सुमोचा भोंगा पुन्हा वाजला, इम्रान वळला, गाडीचे दार लागले. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत ती तशीच उभी होती, बोट चित्रावर.

मग तिने हात काढला.

घरगुती काजळात एरंडेल असते. ते डोळ्यांत घालायचे असल्यामुळे कधीच वाळू नये, अशी त्याची योजनाच असते. हे कोकणातल्या कोणत्याही आठ वर्षांच्या मुलीला ठाऊक असते. मला नव्हते. भुवई कपाळावर गेली होती, डोळा गालावर ओघळला होता, बुबुळ कुठेच नव्हते. बाईच्या चेहऱ्याच्या जागी एक काळसर, मऊ डाग उरला होता.

फातिमाबींनी चित्र डोळ्यांजवळ नेले, मग लांब धरले.

"आमच्या हिचा चेहरा जायला चार पिढ्या लागल्या. तुमच्या हिचा एका दमात गेला. पुन्याची मानसं फास्ट."

"फातिमाबी, मी चित्रकार नाही," मी म्हटले. एवढे सरळ वाक्य मी त्या प्रवासात प्रथमच बोलत होते. "मी शिकाऊ आहे. मी आजवर कधी डोळे काढलेच नव्हते. हे पहिले."

"ता कवाच कळला. कोंबडा बघितला तवाच."

"मोर," मी म्हटले.

शबाना हसू लागली. हसता हसता तिला रडू फुटले आणि रडता रडता ती पुन्हा हसली. ओट्यावरच्या बायकांनी त्यात आपापल्या परीने भाग घेतला. तिचे आवरल्यावर मी म्हटले, मी आजची रात्र राहते, वेगळा काळा करून उद्या सकाळी डोळे पुन्हा काढून देते.

"नको मॅडम," ती घाईने म्हणाली. "परत काढलंत तर त्याला परत जायला लागेल."

चित्र रेशमी रुमालात, जुन्याच्या शेजारी, पेटीत गेले. मी ओट्यावर बसून शिंपले धुतले.

संध्याकाळी शबाना चुलीपाशी गेली, परातीत तांदळाचे पीठ घेतले आणि तशीच थांबली. तिचे उजवे बोट टोकापासून पेरापर्यंत काळे होते. भाकरी थापायची तर हात पाण्यात घालावा लागणार. फातिमाबी दारात उभ्या होत्या. त्यांनी सुनेच्या बोटाकडे पाहिले.

"सरक," त्या म्हणाल्या.

शबाना बाजूला झाली. फातिमाबींनी पदर खोचला, गुडघ्यावर हात टेकत त्या खाली बसल्या आणि भाकऱ्या थापू लागल्या. त्या रात्री आम्ही तिघी जेवलो. शबाना डाव्या हाताने जेवली, आणि एरवी पोरांना त्यावरून टोकणाऱ्या तिच्या सासूने ते पाहिलेच नाही.